इंटरवलचा पास

त्या शुक्रवारी शंकरप्पांनी दुकान रोजच्यापेक्षा लवकर उघडलं. टॉकीजला नवा पिक्चर लागला होता आणि पहिल्या अर्ध्याची पाळी त्यांची होती.

हे अर्ध्याचं प्रकरण बीडच्या माळीवेशीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेरच्याला मात्र समजावून सांगावं लागे. शंकरप्पांचं दुकान दोरखंडांचं. कासरे, जाड दोरांचे सोल, सुतळी, ताडपत्र्या. दसरा झाला की ऊसतोडीला निघणारी माणसं गाड्या भरण्याआधी इथे थांबत. त्याच दुकानाच्या पुढच्या पडवीत राधाकिशन शिंप्याचं मशीन होतं. तीस वर्षांपासून, शंकरप्पांच्या नुसत्या शब्दावर. दोघांनाही सिनेमाचं वेड, आणि दुकान बंद ठेवणं दोघांच्याही जिवावर यायचं. त्यातून वाट निघाली ती अशी: तिकीट एकच काढायचं. एकाने आत जाऊन इंटरवलपर्यंत बघायचं. इंटरवलला बाहेर पडणाऱ्याला गेटवरचा सटवा एक हिरवा कागद देई, परत आत येण्यासाठी. तो पास बाहेर उभ्या असलेल्या दुसऱ्याच्या हातात ठेवायचा आणि उरलेला पिक्चर त्याने बघायचा. सटव्याला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याची पँट राधाकिशनकडेच अल्टर व्हायची.

गेटवर एकमेकांना गोष्ट सांगायची नाही, हा नियम. दुसऱ्या अर्ध्याच्या माणसाने कोण कुणाचा भाऊ आणि कोण कुणावर का चिडलाय ते आपलं आपण ओळखायचं. मग शनिवारी सकाळी दुकानाच्या ओट्यावर दोन अर्धे जोडले जायचे. याला ते 'जोड' म्हणत. जोड ऐकायला आश्रुबा कंडक्टर असायचा. तो ड्युटीवर जालन्याला किंवा औरंगाबादला पिक्चर आधीच बघून आलेला असे आणि दोघांची फजिती बघत मिशीत हसत राही. समोर सीताफळांची पाटी घेऊन बसणारी बायनाबाईही गिऱ्हाईक नसेल तेव्हा उठून येई. नुसती जोड लावून कुणाचं समाधान होत नसे. पिक्चरचा निकाल लागेपर्यंत भांडण चाले, आणि तो लागायला कधीकधी पुढचा शुक्रवार उजाडायचा.

त्या शुक्रवारीही मागच्याच पिक्चरवरून चाललं होतं.

“हिरोइनीला खांबाला बांधली, त्यो दोर बघितला का?” शंकरप्पा म्हणाले. “सुती. तीन पदरी. शेळी थांबत न्हाई त्याला, अन् ही बाई अर्धा तास रडती.”

“हिसका दिला असता तर पिक्चर तिथंच संपला असता की,” आश्रुबा म्हणाला. “माझं भांडण त्या गाडीचं हाय. घाटात ब्रेक फेल. अन् हिरो नुसता हँडल फिरवतो! गिअर टाक की बे! आमचा डायवर मांजरसुंब्याच्या घाटात असा गेलता एकदा, पन्नास शिटं घेऊन. खाली आल्यावर चहा पिला त्यानं.”

“तुमी दोर अन् ब्रेकच बघा,” मशीनचं चाक हाताने थांबवत राधाकिशन म्हणाला. “हिरोचा कोट कुणी बघितला का? जेलात गेला तवा दोन बटनं. सुटला तवा तीन. जेलात शिंपी ठेवला होता काय त्याच्यासाठी?”

“आरं, पण त्याच्या मायकडं बघितलं का एकानं तरी?” बायनाबाई कमरेवर हात ठेवून उभी. “पोरगं दारातून माघारी गेलं, अन् माय भाकरी थापतच राह्यली. वर बघितलं न्हाई तिनं. मी लई रडले.”

“बायना रडली म्हंजी सहा आठवडे चालला,” शंकरप्पा म्हणाले, आणि सगळे हसले.

ईश्वरी आत, गल्ल्यापाशी बसली होती. अंबाजोगाईच्या कॉलेजात ती मराठी शिकवायची. दिवाळीच्या सुट्टीत घरी आली होती. आई गेल्यापासून सुट्टीत ती दुकानात बसायची आणि मांडीवर पुस्तक ठेवून वाचायची. आश्रुबाने आत वाकून विचारलं, “म्याडम, तुमी काय म्हंता? पास का नापास?”

“मी पाहिला नाही,” ती म्हणाली.

“तिला आपलं हे चालत न्हाई,” शंकरप्पा म्हणाले. “ती लई मोठमोठाली पुस्तकं वाचती.” त्यात अभिमान होता. थोडी माफीही होती, ती नेमकी कुणाची मागितली हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

शंकरप्पा टॉकीजला निघाले तेव्हा ईश्वरी त्यांना म्हणाली, “अप्पा, आता मी आहे ना दुकानात. दोघं सोबत जा. एकदा तरी पूर्ण बघा.”

उत्तर राधाकिशनने दिलं. “सोबत गेलो तर शनवारी बोलायचं काय, माय? दोघालाबी समदंच म्हाईत!”

शंकरप्पा टोपी सारखी करून गेले. सव्वा वाजता राधाकिशन मशीनवर फडकं टाकून टॉकीजकडे निघाला. पावणेदोनच्या सुमारास शंकरप्पा परत आले. ईश्वरीने पावलांवरून ओळखलं, मान वर केली नाही. पुस्तकातली गोष्ट शेवटाला आली होती.

“ईश्वरी, छातीत जरा दाबल्यावानी होतंय बघ.”

“टॉकीजमधली भजी खाल्ली असतील. सोडा मागवू?”

“भजी न्हाई खाल्ली.” ते सोलांच्या वेटोळ्यावर बसले. ऊन नव्हतं, तरी त्यांनी उपरण्याने मान पुसली. थोड्या वेळाने म्हणाले, “आज पिक्चर येगळाच हाय. एक म्हातारा हाय त्याच्यात, मुका. गावातल्या समद्यांची पत्रं त्यो वाचून ठिवतो, पण कुणाला सांगता येत न्हाई. ऐक तरी.”

“अप्पा, ते उद्या ओट्यावर सांगा ना. ते सगळं खोटं असतं, आणि तुम्ही जीव टाकता त्याच्यावर. माझी दहा पानं राहिलीत.”

“बरं,” ते म्हणाले.

तिने दहा पानं वाचली. चांगली होती. तीन वाजता ती स्वयंपाकाला घरी गेली, तेव्हा ते त्याच वेटोळ्यावर भिंतीला टेकून बसले होते आणि डोळे मिटलेले होते. रात्री अर्धी भाकरी खाल्ली. शनिवारी पहाटे अंघोळ करून, विभूती लावून, तळहातावर इष्टलिंग घेऊन ते पूजेला बसले आणि बसल्या जागी गेले.

डॉक्टर आले तेव्हा उजाडत होतं. त्यांनी सगळं बघितलं आणि विचारलं, “काल काही तक्रार होती का? कुणाला काही बोलले होते?”

ईश्वरी कपाटाला पाठ लावून उभी होती. तिने तोंड उघडलं. पण तिच्या आधी दारातून राधाकिशन बोलला. बातमी ऐकून तो अनवाणी धावत आला होता.

“मला बोलला होता, डागदर साहेब. गेटावर. म्हणला, राध्या, अर्ध्या तासापून छातीत दाबायलंय. मी म्हणलं, मग उठून आला कावून न्हाईस? तर म्हणला, मधीच उठलो असतो तर सटव्यानं पास दिला नसता, तुझा अर्धा बुडाला असता.” राधाकिशन भिंतीला धरून खाली बसला. “मी म्हणलं घरी जाऊन पड. अन् मी आत गेलो. घंटी झालती. मी आत जाऊन बसलो, साहेब.”

डॉक्टर म्हणाले, “काल दुपारीच दवाखान्यात आणलं असतं तर काहीतरी करता आलं असतं.”

ईश्वरीने तोंड मिटलं. उत्तर देऊन झालं होतं. तिला ते पुरेसं वाटलं. पुढे फार दिवस तिने स्वतःला हेच सांगितलं, की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं.

दुपारपर्यंत लातूरहून तिचा मोठा भाऊ संगमेश्वर आला. राधाकिशनने त्याच्याही पाया पडून सगळं पुन्हा सांगितलं. त्याला कुणी विचारलंही नव्हतं. जो येईल त्याला तो सांगत होता, आश्रुबाला, बायनाबाईला, विधीला आलेल्या जंगमस्वामींना. राधाकिशनला रडताना शहाणपण सुचलं नाही. संध्याकाळी शंकरप्पांना लिंगायत रूढीप्रमाणे बसवून माती दिली, तोपर्यंत अख्ख्या माळीवेशीला हिरव्या पासाची गोष्ट पाठ झाली होती. ऐकलेल्या प्रत्येकाने ती पुढे सांगताना थोडी नीट बसवली, म्हणजे थोडी वाईट केली. एकाच्या तोंडी शंकरप्पा गेटवर कोसळले होते. दुसऱ्याच्या तोंडी राधाकिशनने त्यांच्या हातातून पास ओढून घेतला होता.

अकराव्या दिवशी पंगत बसली. राधाकिशन शेवटच्या पाटावर बसायला वाकला आणि संगमेश्वर मोठ्याने म्हणाला, “तुमी राहू द्या. तुमचा पिक्चर चुकंल.”

पंगतीत कुणी हसलं नाही, पण कुणी त्याला बसही म्हटलं नाही. राधाकिशन तसाच सरळ झाला आणि निघून गेला. ईश्वरी वाढत होती. तिच्या हातात गव्हाच्या खिरीचं, हुग्गीचं पातेलं होतं. पुढचं पान आलं आणि तिने वाढलं.

त्यानंतर ती अंबाजोगाईला गेली. तिने वाचलेल्या पुस्तकांत माणसं कबुली द्यायची, पानंच्या पानं द्यायची, आणि वर्गात ती त्यावर छान बोलायची. मुलं वहीत उतरवून घेत. एकदा उतरवून घेणाऱ्या मुलीकडे बघताना तिच्या मनात आलं, ही पुढे कुणाच्या तरी मरणावर असं नीट बोलेल. त्या दिवशी तास दहा मिनिटं आधी सुटला.

महिन्यातून एकदा ती बीडला यायची. दर वेळी राधाकिशनच्या खुंटीवरचे कपडे कमी झालेले दिसायचे. शाळेचे गणवेश सुभाष रोडच्या तयार कपड्यांच्या दुकानाकडे गेले होते. ते कदाचित तसेही गेले असते. पण सायकलवरून जाणारी पोरं पडवीपाशी हळू व्हायची, “काका, पास हाय का?” असं ओरडायची आणि पळायची. राधाकिशन मान खाली घालून सुईत दोरा ओवत बसायचा. ईश्वरीला बघितलं की म्हणायचा, “कवा आलीस, माय?” ती म्हणायची, “आत्ताच, काका.” एवढंच.

चैत्रात संगमेश्वरने ठरवलं, दुकान भाड्याने द्यायचं. केबलवाला तयार होता. त्याला छपरावर छत्री लावायची होती आणि ऑफिसला पुढची पडवीही हवी होती. “पडवीत मशीन हाय म्हणला तो. मी म्हणलं, निघंल,” संगमेश्वरने फोनवर सांगितलं. “ज्यानं सिनेमापायी आपला बाप घालवला, त्याला अप्पांच्या जागेत कावून ठिवायचा? तू ये फक्त, माल काढायला.”

ईश्वरी रविवारी आली. ओट्यावर आश्रुबा पाय सोडून बसला होता. बायनाबाईने सीताफळं संपल्यावर टरबुजं मांडली होती. आत केबलवाल्याचा माणूस टेप धरून भिंती मोजत होता आणि संगमेश्वर त्याला आकडे विचारत होता. पडवीत राधाकिशन मशीनचा पट्टा उतरवून ठेवत होता.

ओट्यावर जोड नव्हती, पण सवय होती. आश्रुबा आदल्या रात्री केबलवर बघितलेल्या पिक्चरबद्दल सांगत होता.

“घरात बसून बघितलं तर मजाच न्हाई. खून झाला की साबणाची जाहिरात. खुनी कोण ते कळंस्तोवर मी तीन साबण बघितले.”

“आमच्या घरी सून रिमोट देत न्हाई,” बायनाबाई म्हणाली. “मी रडू लागले की ती चॅनल बदलती.”

“तुझ्या रडण्यावर पिक्चर चालायचे ते दिवस गेले, बायना. टॉकीज तरी किती दिवस टिकती बघ.” आश्रुबाने पडवीकडे मान केली आणि आवाज चढवला. “काय शिंपी! तुमचं काय मत? का अजून अर्धाच बघता?”

राधाकिशनने वर पाहिलं नाही. मशीनच्या खणातून त्याने बटणांचे डबे काढून एका फडक्यात बांधायला घेतले.

ईश्वरी त्याच्याजवळ जाऊन बसली. हळू आवाजात म्हणाली, “काका, मी दादाशी बोलते. मशीन राहू द्या इथंच.”

“काय बोलणार?”

“अप्पांनी तुम्हाला शब्द दिला होता, तीस वर्षं—”

“ते समद्या वेशीला म्हाईत हाय. तुझ्या भावालाबी म्हाईत हाय. दुसरं काय बोलणार?”



राधाकिशनने फडक्याला गाठ मारली. तो तिच्याकडे बघत नव्हता. “त्या दिवशी तीन वाजता पिक्चर सुटला. मी पळत आलो. तू घरी गेलतीस. मी विचारलं, आता कसं वाटतंय? म्हणला, तसंच हाय. म्हणलं, पोरीला सांगितलं का? म्हणला, सांगितलं. वाचायलीय ती, जाऊ दे. मी म्हणलं रिक्षा आणतो. म्हणला, उद्या जोड झाल्यावर जाऊ.”

ईश्वरीचे हात मांडीवर होते. ते तिथेच राहिले.

“मग त्या सकाळी डागदरनं विचारलं. मी माझं सांगितलं. मला वाटलं आता तू तुझं सांगशील. दोघं मिळून रडू. तू कपाटाजवळ उभी होतीस, बोलली न्हाईस. म्हणलं पोर हाय, धक्का बसला आसंल. अकराव्याला वाटलं बोलशील. तुझा भाऊ मला पंगतीतून उठवत होता, तू पातेलं घेऊन चार हातांवर होतीस. न्हाई बोललीस.” आता त्याने तिच्याकडे पाहिलं. त्यात राग फार नव्हता. सहा महिन्यांचा थकवा होता आणि त्याच्या तळाशी कडू काहीतरी. “दर महिन्याला यायचीस. मी विचारायचो, कवा आलीस. तू म्हणायचीस, आत्ताच.”

“तुम्ही का नाही सांगितलं?” तिला स्वतःचाच आवाज परका वाटला. “दादाला. ह्या सगळ्यांना.”

“मी सांगून? लोक म्हणले असते, शिंपी स्वतःचं झाकायला मेलेल्या दोस्ताच्या पोरीवर ढकलतो. कुणी खरं धरलं असतं? त्ये तुझ्याच तोंडातून यायला पाहिजे होतं.” त्याने फडकं बाजूला सरकवलं. “अन् खरं सांगू का? मी तुझ्यासाठी गप्प न्हाई बसलो. मला बघायचं होतं, किती दिवस लागत्यात तुला. एवढं वाचणारी पोर. सहा महिने लागले, अन् तरीबी आज तू शब्दाचंच बोलाया आलीस.”

आतून संगमेश्वरने हाक मारली, “ईश्वरी, ह्या ताडपत्र्या कुठं टाकायच्या? अन् शिंपीकाका, संध्याकाळपर्यंत व्हईल ना रिकामं?”

“व्हईल,” राधाकिशन म्हणाला.

आश्रुबा हसला. “घाई करू नका साहेब, इंटरवल झाला की निघत्यात ते.”

बायनाबाईही हसली. केबलवाल्याच्या माणसाला काही कळलं नाही, पण तोही टेप गुंडाळता गुंडाळता हसला.

ईश्वरी उठली. पडवीतून ओट्यावर यायला एकच पायरी होती. सगळे उजेडात होते, संगमेश्वर दारात येऊन उभा होता. वर्गात उभं राहून बोलायची तिला बारा वर्षांची सवय होती; तरी पहिला शब्द निघेना. आश्रुबाला वाटलं तिला टरबूज हवं आहे, तो बाजूला सरकला.

“दादा,” ती म्हणाली, “काकांचं मशीन हलवायचं नाही.”

“पुन्हा तेच. आपलं बोलणं झालंय—”

“झालेलं नाही. मी बोललेच नाही.” आवाज वाढला होता, रस्त्यापलीकडचं एक गिऱ्हाईक वळून बघू लागलं. “त्या दिवशी अप्पा गेटवरून सरळ दुकानात आले. मला म्हणाले, ईश्वरी, छातीत दाबतंय. आल्याआल्या तेच म्हणाले. मी मान वर केली नाही. भजी खाल्ली असतील म्हटलं. त्यांनी भजी खाल्ली नव्हती. ते मला काहीतरी सांगायला बघत होते, मी म्हटलं खोटं असतं सगळं, मला वाचायचंय. सव्वा तास ते माझ्यासमोर बसले होते, दादा. घामाने भिजलेले. दवाखाना तीन गल्ल्या सोडून आहे. नंतर डॉक्टरांनी विचारलं, कुणाला बोलले होते का, तेव्हा मी तिथेच उभी होते.”

बायनाबाईने पदर तोंडावर धरला. आश्रुबा ओट्यावरून खाली उतरला होता. संगमेश्वर काही बोलायला गेला, पण तिने हात वर केला. अजून एक वाक्य राहिलं होतं आणि तेच सगळ्यांत जड होतं.

“काकांनी त्यांना निदान घरी जाऊन पडा म्हटलं. मी तेवढंही म्हटलं नाही.”